लोण्याच्या भिंती

व्हेर्नोंच्या स्टेशनात गाडी जवळजवळ रिकामी झाली. बाकीचे सगळे मोनेच्या बागेतली कमळं पाहायला झिव्हेर्नीच्या बसकडे निघाले आणि आम्ही दोघं टॅक्सीकडे. टॅक्सीवाल्याने विचारलं, किल्ल्याला नदीच्या बाजूने सोडू की वरून? माझी भाची सई पॅरिसात नोकरी करते. तिने मला ते मराठीत सांगितलं आणि पुढे स्वतःचं मत जोडलं, "खालून चढू या मामा, फोटो चांगले येतात." मी वरून म्हणालो. सह्याद्रीत हिंडून लागलेली खोड आहे ही: किल्ला आधी शत्रूच्या बाजूने पाहायचा. आत राहणाऱ्याला तो कसा वाटत होता हे नंतर; घ्यायला आलेल्याला काय दिसलं, ते आधी.

नॉर्मंडीतलं ते पठार सपाट, नांगरलेलं, कंटाळवाणं आहे. मग एका ठिकाणी जमीन तुटते आणि शातो गायार दिसतो तो थेट पायाखाली. पांढरट चुनखडीचा डोंगर, त्याची एक सोंड सेन नदीकडे गेलेली, त्या सोंडेच्या टोकावर मोडक्या दातांसारखे बुरूज. त्याच्याही खाली, नव्वद-शंभर मीटरवर, मोठं वळण घेत जाणारी नदी, मध्ये बेट, काठाला पती आंदली हे छोटं गाव. या गावाची आणि आतल्या बाजूच्या ग्रां आंदलीची मिळून आजची नगरपालिका: लेझांदली.

पर्यटकांची छायाचित्रं इथूनच काढलेली असतात. मला मात्र पहिल्या नजरेत हेच खटकलं, की किल्ल्याकडे खाली बघावं लागतं. शेजारची उंच जागा शत्रूला मोकळी. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेने आधी वज्रगड घेतला आणि मग पुरंदरावर तोफा लावल्या, हे ज्याने वाचलंय त्याला या पठारावर उभं राहून गप्प बसवत नाही. बांधणाऱ्याला हे कळलं नसेल? चांगलंच कळलं होतं. पठाराकडे तोंड केलेला पहिला त्रिकोणी कोट त्याने नेमका त्यासाठीच उभा केला. पण दोष ओळखणं वेगळं आणि तो नाहीसा करणं वेगळं.

बांधणारा म्हणजे इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड. इंग्लंडचा म्हणायचं ते नावाला. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो इंग्लंडात राहिला जेमतेम सहा महिने. भाषा फ्रेंच, घराणं फ्रेंच, जीव नॉर्मंडीत आणि अ‍ॅक्विटेनमध्ये. नॉर्मंडीचा ड्यूक या नात्याने तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, इंग्लंडचा राजा या नात्याने बरोबरीचा. हा तिढा दोन-तीन पिढ्या रक्त सांडूनही सुटला नव्हता. तिसऱ्या धर्मयुद्धातून परतताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ रिचर्ड पकडला गेला. अवाढव्य खंडणी भरून तो सुटला ११९४ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने सरहद्दीवरचा झिझोरचा किल्ला गिळला. झिझोर गेलं म्हणजे राजधानी रुआंचा रस्ता उघडा पडला, आणि सर्वांत सोपा रस्ता म्हणजे ही नदी.

म्हणून इथे किल्ला. अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे ११९६ च्या जानेवारीत लुव्हिए इथे झालेल्या तहात दोन्ही राजांनी आंदलीला तटबंदी करायची नाही असं कबूल केलं होतं. दुसरी म्हणजे जागा रुआंच्या आर्चबिशपच्या मालकीची होती. रिचर्डने त्याच वर्षी काम सुरू करून दोन्ही अडचणी एकदमच मोडीत काढल्या. आर्चबिशपने चिडून सगळ्या नॉर्मंडीतले धर्मविधी बंद पाडले. दफनविधी होईनात, शहरांच्या रस्त्यांत प्रेतं पडून राहिली, असं इतिवृत्तकार लिहितात. प्रकरण पोपपर्यंत गेलं आणि शेवटी व्यवहारावर मिटलं: दिएपचं बंदर आणि आणखी काही मालमत्ता आर्चबिशपला, आंदली राजाला. आर्चबिशपचा तोटा झाला असं मला वाटत नाही. किल्ल्याला सहा वर्षांत शत्रूने वेढा घातला, दिएपच्या बंदरावर जकात येतच राहिली.

अशी घाई मग कामातही. ११९६ ते ११९८, दोन वर्षांत सगळं उभं. नॉर्मंडीच्या खजिन्याच्या हिशेबात दगड फोडणारे, गवंडी, सुतार, चुना भाजणारे, पाणी वाहणारे, पहारेकरी असे सगळे आहेत, मुख्य कारागीर म्हणून मात्र कोणाचंच नाव नाही. त्यामुळे आराखडा रिचर्डच्याच डोक्यातला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. खर्च सुमारे १२,००० पौंड. संबंध कारकिर्दीत इंग्लंडातल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून त्याने साधारण ७,००० पौंड खर्च केले होते, त्यावरून काय ते समजा. ११९८ च्या मे महिन्यात काम चालू असताना रक्ताचा पाऊस पडला अशी एक कथा आहे. सगळे घाबरले, राजा सोडून. वरून देवदूत उतरून थांब म्हणाला असता तरी हा थांबला नसता, अशा अर्थाचं एका इंग्रज इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

आम्ही पठारावरून पायवाटेने उतरून पहिल्या खंदकापाशी आलो. खंदक बांधलेला नाही, खडकात कोरून काढलेला आहे. चुनखडी मऊ म्हणून काम लवकर झालं. आणि चुनखडी मऊ म्हणूनच ती शत्रूच्या पहारीलाही मऊ, ही गोष्ट पुढे येणार आहे. किल्ल्याचे भाग तीन. पठाराकडचा त्रिकोणी कोट, तो पूर्णपणे सुटा, मध्ये खंदक. मग मधला कोट. त्याच्या आत, आणखी एका खंदकापलीकडे, बालेकिल्ला. आणि बालेकिल्ल्याच्या तटाला टेकून मुख्य बुरूज, ज्याचं तोंड शत्रूच्या बाजूला होडीच्या नाळेसारखं टोकदार केलेलं आहे. त्या बुरुजाच्या अंगावर वर रुंद होत गेलेले दगडी टेकू आहेत. त्यांच्या माथ्यावर कमानी होत्या आणि कमानीमागच्या फटींतून खाली बिलगलेल्या शत्रूवर दगड टाकता येत. दगडात केलेली अशी सोय पश्चिम युरोपातल्या पहिल्यावहिल्या नमुन्यांपैकी. तोवर हे काम लाकडी सज्जांवर भागवत आणि लाकूड पेटतं.

सगळ्यात देखणा मात्र बालेकिल्ल्याचा तट. सरळ भिंत जवळपास नाहीच. एकाला एक चिकटून अर्धगोल फुगवटे, मोदकाला पाडलेल्या कळ्यांसारखे. आलेला दगड कुठेही लागला तरी तिरका लागावा, आणि वरून पाहणाऱ्याला भिंतीच्या पायथ्याचा एकही कोपरा आंधळा राहू नये. मी त्या तटाला हात लावून बराच वेळ उभा होतो. सई म्हणाली, "मामा, तुमचं रायगडावरही असंच होतं." होतं खरं. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी भूमितीचा इतका विचार करून दगड बसवला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या तटावरूनच ती प्रसिद्ध खडाजंगी सांगतात. फिलिप म्हणाला, भिंती लोखंडाच्या असल्या तरी घेईन. रिचर्डचं उत्तर, लोण्याच्या असल्या तरी राखीन. वेल्सचा जेराल्ड हा त्याचा सांगणारा आणि जेराल्ड रंगवून सांगण्यात हयगय करणारा नव्हे. पण गंमत अशी की संवाद खरा असो-नसो, दोघांपैकी खरं ठरलं फिलिपचं. आणि रिचर्डचं खोटं ठरायला संधीच मिळाली नाही. ११९९ च्या एप्रिलमध्ये शालू नावाच्या एका बारक्या गढीला वेढा घालताना बाण लागून, जखम चिघळून तो मेला. ज्या किल्ल्यावर पोपपर्यंत भांडला, तो त्याला पुरता वर्षभरही लाभला नाही. किल्ला आला भावाकडे, जॉनकडे.

१२०३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी फिलिप आला. किल्लेदार होता रॉजर डी लेसी, इंग्लंडातल्या चेस्टरचा मोठा सरदार. फ्रेंचांनी आधी नदी अडवली. बेटावरच्या गढीचा लाकडी कोट जाळायला मांतचा एक पोहणारा बंद मडक्यांत निखारे घेऊन पाण्याखालून गेला, असं फिलिपच्या पदरचा धर्मोपदेशक गियोम ल ब्रतों सांगतो. जॉनने कुमक पाठवली, तीही मोठी: काठाने विल्यम मार्शलची फौज, नदीतून शिधा भरलेल्या होड्या, रात्रीत दोघांनी एकदम घाला घालायचा. होड्यांना प्रवाहाविरुद्ध यायचं होतं आणि वेळेचं गणित चुकलं. फौज आधी पोचली आणि मार खाऊन परतली, होड्या मागून आल्या आणि त्यांनीही खाल्ला. डिसेंबरात जॉन इंग्लंडला निघून गेला. पुन्हा कधी नॉर्मंडीत आला नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती किल्ल्यात घडली नाही, किल्ल्याबाहेर घडली. आम्ही मधल्या कोटाच्या कडेला, उतारावर बसून डबा खात होतो तिथेच कुठेतरी.

बेट पडल्यावर पती आंदलीतले लोक जीव घेऊन वर किल्ल्यात आले. चौदाशे ते बावीसशे असा आकडा देतात. गाव रिचर्डनेच किल्ल्याबरोबर वसवलेलं, तेव्हा संकटात वर जायचं ही त्यांची साधी समजूत असणार. लेसीच्या कोठारात शिबंदीला वर्षभर पुरेल इतकं धान्य होतं. आता खाणारी तोंडं पाचपट झाली. त्याने पाचशे जणांना दरवाजाबाहेर काढलं. वेढ्यातल्या फ्रेंचांनी त्यांना जाऊ दिलं. काही दिवसांनी आणखी तेवढेच, तेही गेले. फिलिप तेव्हा तिथे नव्हता. त्याला हे कळलं तेव्हा त्याने हुकूम पाठवला की यापुढे एकालाही सोडायचं नाही. जितकी तोंडं आत, तितकं धान्य लवकर संपेल. लेसीला या हुकमाचा पत्ता नव्हता. त्याने उरलेल्यांनाही बाहेर काढलं, निदान चारशे, कदाचित बाराशे. फ्रेंचांनी बाण सोडले. लोक माघारी धावले. दरवाजा बंद.

"मग?" सईने विचारलं.

मग तीन महिने. हिवाळ्याचे. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला फ्रेंच चौक्या, मध्ये हा खडा उतार आणि खंदक. गवत खाल्लं. किल्ल्यातून हाकललेली कुत्री खाल्ली. एक कोंबडी तटावरून उडून आली ती पिसांसकट खाल्ली. तिथे एक बाळंतपणही झालं. फेब्रुवारीत फिलिप स्वतः आला तेव्हा निम्म्याहून अधिक मेलेले होते. उरलेल्यांना खाऊ घाला आणि सोडा, असा त्याने हुकूम केला. त्यांतल्या एकाच्या हातात कुत्र्याची तंगडी होती. भाकरी पोटात जाईपर्यंत त्याने ती टाकली नाही. हे सगळं लिहिणारा गियोम फिलिपचा माणूस, त्यामुळे राजाचा दयाळूपणा त्याने ठळक केला आहे आणि आधीचा हुकूम त्या मानाने फिका ठेवला आहे. पण कोंबडी आणि तंगडी त्याने मुद्दाम रचली असतील असं मला वाटत नाही. दया दाखवायला इतके बारकावे लागत नाहीत.

लेसीचं काय करायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. किल्लेदार म्हणून त्याचा हिशेब बरोबर होता. पहिल्या दोन खेपा सुखरूप गेल्या होत्या, तेव्हा तिसरीही जाईल असं मानायला जागा होती. पण माणसं तटाखाली परत येऊन दार ठोठावत होती तेव्हा त्याला ते दिसत होतं, ऐकू येत होतं, तीन महिने. त्या अवधीत त्याने केव्हाही दार उघडलं असतं तर? आणि मनात येतं की फिलिपला तेच हवं होतं. दोघं शत्रू या एका बाबतीत एकाच हिशेबाने वागले, आणि हिशेबाची किंमत तिसऱ्याने मोजली.

सईला गोष्टीचा पुढचा भाग ठाऊक होता, कारण मार्गदर्शक पुस्तकात तोच असतो. फ्रेंचांनी पठाराकडच्या त्रिकोणी कोटाच्या बुरुजाखाली सुरुंग खणला, आधाराची लाकडं पेटवून बुरूज पाडला. मऊ चुनखडी. मधल्या कोटाशी अडले. तिथे जॉनने नवं प्रार्थनाघर बांधून घेतलं होतं, त्याची एक खिडकी बाहेरच्या बाजूला होती आणि तिला गज नव्हते. बोजी नावाचा एक फ्रेंच शिपाई (चपट्या नाकावरून पडलेलं टोपणनाव म्हणे) एकाच्या खांद्यावर चढून खिडकीतून शिरला, दोर टाकून सोबत्यांना घेतलं आणि आतून असा गोंगाट केला की जणू पलटण आली आहे. दुसरी कथा अशी की ते खिडकीतून नव्हे तर शौचकूपाच्या वाटेने चढले. गावात कोणालाही विचारा, शौचकूपच सांगेल. जास्त रंगतदार आहे. कोंडाण्याची घोरपड आपण सोडतो का?

आतल्यांनी इमारतींना आग लावली आणि ते बालेकिल्ल्यात मागे हटले. आता तो सुंदर तट उरला. त्याच्या खंदकावरचा पूल म्हणजे कोरताना जागीच ठेवलेला खडकाचा पट्टा. लाकडी पूल असता तर ओढून घेता आला असता, जाळता आला असता. खडकाचा पूल कुठे नेणार? फ्रेंच त्याच्या आडोशाने भिंतीच्या पायथ्याशी पोचले, खणू लागले, यंत्राने दगड फेकू लागले. तट फुटला. ६ मार्च १२०४. दीडशेच्या आसपास माणसं हाती लागली. होडीच्या नाळेसारखा तो मुख्य बुरूज, ज्यासाठी एवढी हुशारी खर्ची पडली, त्यात शिरून कोणी लढलंच नाही. साडेतीन महिन्यांनी, २४ जूनला, रुआंने दरवाजे उघडले आणि नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातून गेली. लेसीच्या सुटकेच्या खंडणीला जॉनने हातभार लावला.

कोणत्याही गडावर माझा ठरलेला प्रश्न असतो: पाणी कुठे? आपल्याकडे खडकात टाकी खोदतात, पाऊस त्यात उतरतो, घागर बुडवली की झालं. इथे खोल विहिरी आहेत. बालेकिल्ल्यातल्या विहिरीवर आता जाळी आहे; सईने खडा टाकला, आम्ही कान देऊन थांबलो. विहीर खोल म्हणजे दोर लांब. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने हा किल्ला वेढला. फ्रेंच शिबंदी वर्षभर झुंजली आणि १४१९ च्या डिसेंबरात तिने हत्यारं खाली ठेवली, कारण विहिरीचे दोर झिजून तुटले. खाली पाणी होतं, वर तटही शाबूत होता. किल्ल्यांच्या पुस्तकांत बुरुजांचे नकाशे पानोपानी असतात. दोरखंडाचा साठा कुठे होता, हे एकानेही दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

बाकीचा इतिहास भराभर उरकतो. १३१४ साली राजघराण्यातल्या दोन सुनांना, मार्गरीत आणि ब्लांश यांना, व्यभिचाराच्या आरोपावरून इथे कोंडलं. मार्गरीत पुढच्याच वर्षी इथे मेली. १३३४ पासून काही वर्षं स्कॉटलंडचा बालराजा दुसरा डेव्हिड आश्रयाला होता. मग तोफा आल्या आणि उंच भिंतींचा जमाना गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मंडीच्या प्रतिनिधींनीच राजाला विनंती केली, की कोणीतरी पुंड हा किल्ला बळकावून बसण्याआधी पाडून टाका. चौथ्या हेन्रीने मान्य केलं. कापुशिन साधूंना मठांच्या दुरुस्तीसाठी दगड न्यायची परवानगी मिळाली आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. आज जे कोसळलेलं दिसतं त्यातलं किती फिलिपच्या वेढ्यात पडलं आणि किती साधूंच्या गाड्यांत गेलं, याचं प्रमाण विचाराल तर माझा कौल साधूंना.

खालची वाट उभी आहे, ओली असली तर घसरते. पती आंदलीत उतरून नदीकाठी कॉफी घेतली. सईने फोनवर शोधून सांगितलं की याच गावात १७५३ साली झां-पिएर ब्लांशार जन्मला, १७८५ च्या जानेवारीत फुग्यातून पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडणारा. बरोबर जॉन जेफ्रीज नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. फुगा समुद्रावर खाली येऊ लागला तेव्हा दोघांनी बोजा कमी करायला होतं नव्हतं ते सगळं सामान फेकलं, शेवटी अंगावरचे कपडेही, आणि जवळजवळ उघडेच फ्रान्सच्या जंगलात उतरले.

"बघा मामा," सई म्हणाली, "कपडे टाकले, पण माणूस नाही टाकला."

तिला पुढचं सांगावं लागलं. निघण्यापूर्वी ब्लांशारने कपड्यांखाली शिशाचा पट्टा बांधला होता, म्हणजे वजन जास्त भरेल आणि डॉक्टरला किनाऱ्यावर ठेवून जाता येईल. ते उघडकीला आलं, आणि जेफ्रीजला न्यावंच लागलं. उड्डाणाचा खर्च त्याने केला होता.